गाडीच्या आतल्या सफाईसाठी व्हॅक्यूम क्लीनर निवडताना

गाडीच्या आतली घाण एका जातीची नसते. डॅशबोर्डवर बारीक धूळ बसते, सीटच्या शिवणीत शेव-बिस्किटांचा चुरा अडकतो, समुद्रकिनाऱ्यावरून आलेली वाळू किंवा कोकणातली तांबडी माती कार्पेटच्या मुळाशी रुतते आणि पावसाळ्यात मॅटखाली पाणी मुरते. धूळ कोणतेही यंत्र ओढते. खरी परीक्षा वाळूची आणि पाण्याची असते. म्हणून गाडीत कोणती घाण साचते आणि गाडी जिथे उभी राहते तिथे विजेची सोय आहे का, हे दोन प्रश्न खरेदीच्या आधी सोडवावेत.

व्हॅक्यूम क्लीनरची ओढ दोन गोष्टींवर ठरते: हवेच्या दाबातला फरक आणि दर सेकंदाला नळीतून वाहणारी हवा. चालू यंत्राच्या नळीच्या तोंडावर तळहात ठेवला, की तो घट्ट ओढला जातो आणि मोटरचा आवाज चढतो. त्या क्षणी दाबातला फरक सर्वाधिक असतो. पण हवा वाहत नसल्यामुळे एक कणही उचलला जात नाही. खोक्यावरचा किलोपास्कलचा आकडा अशा बंद तोंडाचा असतो. कचरा वाहून नेते ती वाहती हवा. त्यामुळे लिटर प्रतिसेकंद किंवा ‘एअर वॅट’ हा आकडा दिलेला असेल, तर तो आधी पाहावा. नुसते वॅट म्हणजे यंत्र खात असलेली वीज. युरोपीय संघाने घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर २०१४ मध्ये १६०० आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची कमाल मर्यादा घातली. शिवाय कार्पेटवरची किती धूळ उचललीच पाहिजे, याची किमान पातळीही ठरवून दिली. मोठ्या वॅटचे यंत्र चांगलेच असते, असे नाही.

सर्वांत स्वस्त यंत्र गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालते. या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. म्हणजे यंत्राला जास्तीत जास्त १२० ते १८० वॅट मिळतात. एवढ्यात वरवरचा चुरा निघतो, रुतलेली वाळू निघत नाही. प्रवासात सोबत ठेवायला ते पुरेसे आहे.

बॅटरीवरचे हातात धरायचे यंत्र त्याहून जोरकस असते आणि वायरची कटकट राहत नाही. मात्र पूर्ण जोरावर बहुतेक यंत्रे १० ते २० मिनिटेच चालतात. त्यामुळे बॅटरी काढून बदलता येणारे मॉडेल घ्यावे. उन्हात बंद गाडीचे आतले तापमान ५० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते आणि लिथियम बॅटरीला ते सोसत नाही. हे यंत्र गाडीत ठेवू नये, घरी न्यावे.

घरच्या घरी कसून सफाई करायची असेल, तर ओले-कोरे दोन्ही ओढणारे ड्रमचे यंत्र, म्हणजे ‘वेट अँड ड्राय’, सर्वांत उपयोगी. साध्या यंत्रात नळीतून आलेली हवाच फिल्टरमधून पुढे मोटरवरून जाते. पाणी ओढले तर ते मोटरपर्यंत पोहोचते. ड्रमच्या यंत्रात मोटर थंड करणारी हवा वेगळी असते आणि टाकी भरली की तरंगणारा गोळा वर येऊन ओढ बंद करतो. पाणी ओढण्याआधी कागदी फिल्टर काढून फोमचा चढवावा. गाडीसाठी १० ते २० लिटरची टाकी पुरते. हवा बाहेर फेकणारे तोंड असेल, तर सीटखालचा कचरा फुंकून मोकळा करता येतो.

यंत्राइतकीच नोझल महत्त्वाची. सीट आणि गिअरच्या मधल्या खाचेसाठी लांब, चपटे नोझल लागते, प्लास्टिकसाठी मऊ केसांचा ब्रश आणि कार्पेटसाठी ताठ केसांचा. वाळू आधी ब्रशने उकरून मग ओढावी. सीटच्या रुळांत नोझल घालताना खालच्या वायरी ओढल्या जाणार नाहीत, हे पाहावे. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. नळी निदान दोन मीटरची असली, म्हणजे ड्रम बाहेर ठेवून डिकीपर्यंत पोहोचता येते.

घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल, तर हेपा फिल्टर घ्यावा. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो. फिल्टर तुंबला की हवेचा प्रवाह घटतो, म्हणून प्रत्येक सफाईनंतर तो झटकावा. धुता येणारा असेल तर पूर्ण वाळल्यावरच बसवावा. सुटे फिल्टर गावात मिळतात का, याची चौकशी खरेदीआधीच करावी.

१४०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर खेचते. त्यामुळे पार्किंगमध्ये ६ अँपिअरचा हलका एक्स्टेन्शन बोर्ड न वापरता जाड वायरचा, १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला बोर्ड वापरावा. गुंडाळलेली वायर तापते, म्हणून ती पूर्ण उलगडावी आणि जोड ओल्या फरशीवर ठेवू नये. पेट्रोल किंवा थिनर सांडले असेल, तर ते कोणत्याही घरगुती यंत्राने ओढू नये. मोटरच्या ठिणगीने वाफ पेट घेते.

थोडक्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग नसेल तर बॅटरीचे यंत्र घ्यावे. अंगणात प्लग असेल आणि गाडी वाळू, चिखल किंवा पावसातून फिरत असेल, तर ड्रमचे.