वाहून जाणारे खत



कामगार चळवळीतल्या माणसाने खतावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही शेतकी कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत रात्री पुस्तके उघडून आणि दिवसा माणसांना विचारून. परंतु आमचे निम्मे आयुष्य सफाई कामगारांत गेले, आणि खताचा प्रश्न आम्हांला प्रथम भेटला तो गटाराच्या तोंडाशीच.

आधी हिशेब मांडू. युरियाचे पोते 45 किलोंचे. त्यात नत्र शेकडा 46, म्हणजे सुमारे 20 किलो 700 ग्रॅम. आपल्याकडचा आहार घेणाऱ्या एका माणसाच्या लघवीतून वर्षाकाठी सव्वादोन किलोंच्या आसपास नत्र जाते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे नऊ माणसांचे घर दरवर्षी जवळजवळ एका पोत्याचे नत्र नालीत सोडते. स्फुरद आणि पालाश निराळेच. हेच नत्र विहिरीत उतरले की पिण्याचे पाणी बिघडते, आणि स्फुरद तळ्यात साचले की पाण्यावर हिरवी साय धरते. इकडे मृग तोंडावर आला की आपण खताच्या दुकानापुढे रांग लावतो. पालाश देशाला बाहेरून आणावे लागते, स्फुरदाचा दगडही बहुतांशी बाहेरूनच येतो, आणि युरियाला नैसर्गिक वायू लागतो. जे जहाजाने आणले ते पिकातून ताटात, ताटातून शरीरात आणि शरीरातून नाल्यात जाते. अशा कारभाराला संसार म्हणत नाहीत, उधळपट्टी म्हणतात.

ही जाणीव नवी नाही. मैल्याच्या खताला आपल्या भाषेने 'सोनखत' हे नाव दिले आहे. अप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात याच कामाचे प्रयोग केले, आणि भंगीकाम स्वतःच्या हाताने केले. त्यांना ठाऊक होते, की सोने खताला म्हटले गेले. टोपली वाहणाऱ्याच्या पदरी सोने कधी पडले नाही.

आता कोळशाकडे वळू. आपल्या शिवारात तूर आणि कपाशी निघाली की तुराट्या-पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पेटवले जातात. उघड्यावर पेटवले की राख उरते. तेच भट्टीत किंवा खड्ड्यात, हवा कोंडून, भाजले तर कोळसा उरतो. शेतीसाठी केलेल्या अशा कोळशाला बायोचार म्हणतात. भिंगातून पाहावे तर तो मधाच्या पोळ्यासारखा छिद्राछिद्रांचा दिसतो. चिमूटभर कोळशाच्या आत एवढा पृष्ठभाग दडलेला असतो, की तो उलगडला तर खळे झाकून जाईल. घरच्या पाण्याच्या गाळणीत कोळसा घालतात तो याचसाठी.

पाण्यातले नत्र बरेचसे अमोनियमच्या रूपात असते आणि त्यावर धन विद्युतभार असतो. कोळशाच्या अंगावर मुख्यतः ऋण भार. म्हणून अमोनियम त्याला चिकटते. स्फुरद मात्र ऋण भाराचे, ते साध्या कोळशापासून दूर पळते. त्यावर तोड अशी, की काड्या भाजण्यापूर्वी मॅग्नेशियमच्या क्षाराच्या पाण्यात भिजवायच्या. मग कोळशावर मॅग्नेशियमचे कण बसतात आणि ते स्फुरदाला धरून ठेवतात. असा भरलेला कोळसा जमिनीत घातला, की धरलेले अन्न तो मुळांना हळूहळू देतो. एका पावसात सगळे वाहून जात नाही.

परंतु जादूचा कोळसा विकायला आम्ही इथे आलेलो नाही. साध्या कोळशाच्या एका किलोत काही ग्रॅमच अमोनियम मावते. म्हणून गावभरच्या पातळ सांडपाण्यामागे धावण्यापेक्षा जिथे माल घट्ट आहे तिथे सुरुवात करावी: शाळेच्या मुताऱ्या, एस. टी. स्टँड, अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंच्या धर्मशाळा. दुसरे, आपली काळी जमीन मुळातच विम्लतेकडे झुकलेली, आणि कोळशाची राखही विम्लच. विम्लता वाढली की अमोनिया हवेत उडून जातो. तेव्हा माती तपासावी, कोळसा शेणखतात मुरवावा, आणि पहिल्या वर्षी एकाच वाफ्यात घालून पाहावा. तिसरे, कोळसा रोगजंतू मारत नाही. संडासाच्या टाकीतले पाणी गाळलेला कोळसा कच्च्या भाजीच्या वाफ्यात घालू नये. चौथे, कारखान्याच्या पाण्यातले शिसे-कॅडमियमही तो धरतो. तो शेतात नकोच.

आणि आता जे सांगण्यासाठी आम्ही उभे राहिलो, ते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावच्या टाकीत आमचा एक सभासद दोरीने उतरवला गेला. ना मुखवटा, ना हवा तपासलेली. वर काढला तेव्हा तो गेलेला होता. त्याच्या बायकोने आम्हांला विचारले, "एवढा जीव जावा असं त्यात होतं तरी काय?" त्या दिवशी आम्हांला उत्तर देता आले नाही. आज सांगू शकतो: बाई, त्यात शेताचे अन्न होते, आणि आम्ही त्याला घाण म्हणत होतो, म्हणून त्यात उतरणाऱ्या माणसालाही किंमत नव्हती. 2013 च्या कायद्याने संरक्षण-साधनांवाचून माणूस गटारात वा टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरला. तरी माणसे मरतच राहिली.

उद्या सांडपाण्यातून खत निघू लागेल, पोती भरतील, त्यांना भाव येईल. त्या भावात वाटा कोणाचा, हे आजच ठरवले पाहिजे. आमचे म्हणणे तीन ओळींचे आहे. टाकीत यंत्र उतरावे, माणूस नव्हे. कोळसा भाजणाऱ्या आणि भरणाऱ्या हातांना कायम नोकरी व पुरती मजुरी मिळावी. आणि तयार खतावर पहिला हक्क ज्या गावचे पाणी त्या गावच्या लहान शेतकऱ्याचा असावा.

तुराटी आपली, पाणी आपले, माती आपली. एवढे असताना फक्त मेहनत परक्याची आणि बिनमोलाची, असे होऊ देऊ नका.