असं का होतं? : जुन्या वाइनला मेथीचा वास

बहरीनमध्ये मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, मसाल्याच्या दुकानांकडे वळलं, की पोत्यातली मेथी आधी नाकाशी बोलते. बाळंतिणीचे लाडू आठवतातच. हाच वास शंभरीतल्या मडेरा वाइनमध्येही सापडतो!

दोन्हीकडचा रेणू एकच: सोटोलॉन. मडेरा हे पोर्तुगालचं बेट. तिथल्या गोड वाइनमध्ये आंबणं अर्ध्यावर असतानाच कडक दारू ओततात. यीस्ट मरतं, साखर उरते. मग चांगल्या वाइनची पिंपं उबदार माळ्यावर वर्षानुवर्षं पडून राहतात. लाकडातून हवा मुंगीच्या पावलानं आत शिरते आणि साखरेपासून, आम्लापासून नवे वास जन्मतात. आपलं लिंबाचं लोणचं मुरताना काळं पडतं, तसंच काहीसं. सोटोलॉन साठत जातं. थोडं असलं तर जळक्या साखरेचा भास, जास्त झालं की थेट मेथी.

पण चव नुसती पेल्यात नसते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात लोकांना एकच वाइन दोनदा दिली, किंमत मात्र वेगवेगळी सांगितली. ‘महाग’ घोट जास्त आवडला. मेंदूतला सुखाची नोंद घेणारा भागही तेव्हा अधिक चेतला. बाटलीवरचं जुनं सालही हेच करत असणार, असा माझा दाट संशय आहे. मेथीच्या पोत्यावर साल कोण लिहितंय?