खरवस आधी कोणाचा?

खरवस आवडत नाही असं तुमच्यात कोणी आहे का? आमच्या विश्रामबागेत कुणाच्या गावाकडून चिकाची बाटली आली, की शेजारच्या घरीही एक वाटी जातेच! पण हा चीक गाईनं कोणासाठी तयार केला? ‘वासरासाठी’, असं तुम्ही चटकन सांगाल. बरोबर. मग आता दुसरा प्रश्न. वासराला तो जन्मल्यावर किती तासांनी मिळाला?

प्रश्न विचित्र वाटला ना? पण वासराचं जगणं-वाचणं पुष्कळदा या घड्याळावरच अवलंबून असतं.

गाईच्या पोटात असताना वासरू श्वास घेत नाही. त्याच्या फुप्फुसांत हवा नसते, पाणी असतं. प्राणवायू मिळतो तो नाळेतून, आईच्या रक्तातून. म्हणून त्याचं बरंचसं रक्त फुप्फुसांकडे जातच नाही. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या एका छोट्या खिडकीतून ते परस्पर पलीकडे जातं. वासरू जन्मतं, नाळ तुटते, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मेंदू हुकूम सोडतो, ‘घे श्वास!’ फुप्फुसं फुगतात, रक्त तिकडे धावतं आणि ती खिडकी दाबानं मिटते. हे सगळं होतं तोवर आई त्याला चाटत असते. तासाभरात ते धडपडत उभंही राहतं. त्याचं हिमोग्लोबिनसुद्धा वेगळं असतं, आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेणारं. दोन-तीन महिन्यांत ते जाऊन त्याच्या जागी मोठ्या गुरांसारखं हिमोग्लोबिन येतं.

पण या रक्तात एक गोष्ट जवळजवळ नसतेच. ती म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडं.

तुम्ही जन्मलात तेव्हा तुमच्या रक्तात आईची प्रतिपिंडं आधीच पोचलेली होती. वासराचं तसं नाही. गाईची वार अशी असते, की आईचं रक्त आणि वासराचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे बरेच थर राहतात. प्राणवायू आणि साखर पलीकडे जातात, पण प्रतिपिंडांचे मोठे रेणू अलीकडेच अडकतात. म्हणून गाय ती सगळी प्रतिपिंडं कासेत साठवते. तोच चीक!

आता खरी गंमत पाहा. आपण प्रथिनं खाल्ली की आतड्यात त्यांचे तुकडे होतात. नव्या वासराचं आतडं मात्र चिकातली प्रतिपिंडं अख्खीच्या अख्खी रक्तात घेतं. जणू एक दार उघडं असतं. पण ते फार वेळ उघडं राहत नाही. पहिल्या सहा तासांनंतर ते मिटू लागतं आणि साधारण चोवीस तासांत बंद होतं. नंतर बादलीभर चीक पाजला तरी त्यातली प्रतिपिंडं रक्तात जात नाहीत. आणि हो, या दारातून जंतूही शिरू शकतात. म्हणून पाजण्याआधी सड धुवायचे.

अमेरिकेत प्रिन्स्टन इथं थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी १९२२ साली हे पडताळून पाहिलं. (गोचिडांमुळे गुरांना ताप येतो हे दाखवणारे स्मिथ ते हेच.) काही वासरांना त्यांनी चीक दिलाच नाही. त्यांतली बहुतेक दगावली. चीक प्यायलेली जगली.

आपल्याकडे अजूनही कितीतरी गोठ्यांत ‘वार पडल्याशिवाय वासराला पाजू नये’ असं म्हणतात. वार पडायला कधी कधी आठ-दहा तासही लागतात. गाय रात्री व्याली, तर वासरू सकाळपर्यंत उपाशी! तोवर दार निम्मं मिटलेलं. खरं तर वासरू सडाला लागलं की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं, गर्भाशय आवळतं आणि वार पडायला मदतच होते. सुट्टीत गावी गेलात तर आजोबांना हे सांगून पाहा. भांडू मात्र नका हं!

किती पाजायचं? वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं. तीस किलोच्या कालवडीला तीन लिटर, दोन-तीन वेळा मिळून, पहिल्या बारा तासांत. त्यातलं पहिलं पाजणं दोन तासांच्या आत. खिल्लार असो की जर्सी, नियम तोच. म्हशीच्या रेडकालाही हाच.

चीक रक्तात पोचला का, हेही कळतं. वासरू एक-दोन दिवसांचं झालं की पशुवैद्य त्याचं थोडं रक्त घेऊन त्यातली प्रथिनं मोजतात. चीक मिळाला असेल तर आकडा चांगलाच चढलेला असतो. हिमोग्लोबिन मात्र थोडं उतरतं, कारण चीक प्यायल्यावर रक्तातला पातळ भाग वाढतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, शिरवळला, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गुराढोरांची आवड असणाऱ्यांनी बारावीनंतर त्याचा जरूर विचार करावा.

चीक किती कसदार आहे हे तुमच्या आजीलाही कळतं, तेही यंत्राशिवाय. पहिल्या धारेच्या चिकात ती जास्त दूध घालते, नाहीतर खरवस दगडासारखा होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या चिकात दूध कमी घालते. असं का? उष्णतेनं घट्ट होतात ती चिकातली प्रथिनं, आणि त्यांत प्रतिपिंडंच पुष्कळ असतात. पहिल्या धारेत ती सर्वांत जास्त, पुढे झपाट्यानं कमी. म्हणजे वडी जितकी घट्ट, तितकी वासराची शिदोरी मोठी!

म्हणून पहिली धार वासराची. संकरित गाईला पहिल्या दिवसांत वासराच्या पोटात मावणार नाही इतका चीक असतो. त्याचं पोट भरलं की उरलेल्याचा खरवस खुशाल करा. वेलची घाला, गूळ घाला, आणि दुसऱ्या दिवशीचा असेल तर दूध बेतानंच.