पाकिटातले जीव जपा



हरभऱ्याची पेरणी जवळ आली. युरियाचे पोते आणण्यापूर्वी आपल्या शेतातील एका बिनपगारी चाकराची ओळख करून घेऊ या. त्याचे नाव रायझोबियम.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे. पण पिकाला ते थेट घेता येत नाही. हे सूक्ष्म जिवाणू कडधान्याच्या मुळांत शिरून गाठी करतात, हवेतील नत्र रोपाला देतात आणि मोबदल्यात रोपाकडून साखर घेतात. जर्मनीतील हेलरीगेल यांनी १८८६ साली गाठींचे हे कार्य जगापुढे मांडले. परमेश्वराची ही योजना मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे.

मग आपल्या कोरडवाहू रानात गाठी कमी का? उन्हाळ्यात मातीचा वरचा थर तापतो आणि पुष्कळ जिवाणू मरतात. उरलेल्यांना ओलीवाचून मुळापर्यंत जाता येत नाही. भाताच्या खाचरात पाणी साचूनही ते घटतात. शिवाय हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही. म्हणून जिथे हरभरा पूर्वी घेतलेला नाही, किंवा जिथे तो भातानंतर घेतात, तिथे बियाण्याला जिवाणू लावण्याचा लाभ अधिक संभवतो.

हैदराबादजवळ पाटनचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेने हरभरा, तूर व भुईमुगाच्या जिवाणूंवर बरेच काम केले आहे. जोमदार झाडांच्या गाठींतून जिवाणू काढायचे व त्यांतले उष्णता सोसणारे, अधिक नत्र देणारे निवडायचे, अशी ही रीत. पण प्रयोगशाळेत सरस ठरलेला जिवाणू रानात हरू शकतो. कारण तिथे स्थानिक जिवाणू आधीच ठाण मांडून असतात. नव्याने त्यांच्यावर मात करावी, तर तो बियाण्यावर भरपूर आणि जिवंत असला पाहिजे.

इथेच माझी चूक झाली. २०२२ साली चर्चच्या शेतासाठी आणलेली पाकिटे मी पश्चिमेच्या खिडकीत आठवडाभर ठेवली. पेरणी झाली, पण मुळांवर गाठी नावालाच दिसल्या. दोष पाकिटाचा नव्हता. मी जिवंत वस्तू निर्जीव खतासारखी वागवली होती.

म्हणून एवढे सांभाळा. पाकिटावर पिकाचे नाव व मुदत वाचून घ्या. ते सावलीत, ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावून बियाणे सुकू द्या. जिवाणू शेवटी लावा. गूळ पाण्यात उकळून पूर्ण थंड करा, त्यात २५० ग्रॅमचे पाकीट कालवा आणि १० किलो बियाण्याला हलक्या हाताने चोळा. बियाणे सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी वापशावर, ओलीत पडेल अशा खोलीवर पेरा. नंतर युरियाचा मारा करू नका. आयते नत्र मिळाले की रोप गाठी धरत नाही.

एक विनंती. चार ओळी जिवाणू न लावता पेरा, आणि त्या आधी पेरा, म्हणजे पाभरीला लागलेले जिवाणू तिकडे जाणार नाहीत. चाळीस दिवसांनी दोन्हीकडची काही रोपे मातीसकट हळूच खणून काढा. उपटू नका, गाठी तुटतात. गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर काम चालू आहे. पांढरी असेल तर ती गाठ नत्र देत नाही. दोन्हीकडे सारख्याच गुलाबी गाठी दिसल्या, तर तुमच्या मातीतील चाकरच समर्थ आहेत. पुढल्या वर्षी पाकिटाचा खर्च वाचवा.

ती रोपे रविवारी मिस्सानंतर चर्चच्या ओसरीवर घेऊन या. आपण मिळून गाठी पाहू. मीही चर्चच्या शेतातली आणीन. यंदाची पाकिटे खिडकीत नाहीत, मडक्यात आहेत.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू