शिकारीला चांगली जागा कोणती? बिबट्याला विचारा (भागाचा लिखित मजकूर)

इअरफोन लावले असतील तर थोडे सैल करा, आज मी हळू आवाजातच बोलणार आहे.

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. 'दादा, तू इंद्रलोकला राहतोस, मागे एवढं जंगल आहे. रानडुकराच्या शिकारीला बसायला चांगली जागा कुठली?' पोरगा वीस-बावीसचा असेल. चेष्टेत विचारलं असेल, नसेलही. म्हणून आधी कायद्याचं उरकून घेऊ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि त्यात शिकार म्हणजे फक्त गोळी मारणं नाही. फास लावणं, पकडणं, तसा नुसता प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. राष्ट्रीय उद्यानात हे केलं तर किमान तीन वर्षं आत. शेताची नासधूस करणाऱ्या डुकरांसाठी वनखात्याकडून परवानगीची तरतूद आहे, पण ती शेतकऱ्यासाठी. आपल्यासारख्या फ्लॅटवाल्यांसाठी नाही!

पण 'शिकारी जागा कशी निवडतो' हा प्रश्न मला आवडला. कारण आपल्या शेजारी एक जण रोज रात्री हेच ठरवत असतो.

जुने शिकारी तीन गोष्टी बघायचे: वारा, वाट आणि पाणी. वारा सावजाकडून आपल्याकडे यायला हवा. सांबर आणि रानडुक्कर माणसाचा वास लांबून धरतात, मग कितीही उंच मचाण बांधा, उपयोग शून्य. वाट म्हणजे जनावराची नेहमीची पायवाट, ठसे आणि विष्ठा बघून ओळखायची. आणि उन्हाळ्यात ओढे आटले की उरलेला एखादा पाणवठा, तिथे सगळ्यांना यावंच लागतं.

बिबट्याचं गणित जरा वेगळं आहे. तो चित्त्यासारखा लांब पळत पाठलाग करत नाही. दबकत अगदी जवळ जायचं आणि शेवटच्या काही मीटरमध्ये झडप. म्हणजे त्याला हवी लपण. झुडूप, गवत, नाला, अर्धवट भिंत, काहीही चालतं. आणि लपणीच्या शेजारी हवं सावज. जंगलात ते चितळ असतं, रानडुक्कर असतं. जंगलाच्या कडेला मात्र कुत्रं. २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता, की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासचे बिबटे वर्षाला साधारण पंधराशे कुत्री खातात.

आता हे आपल्या नकाशावर ठेवून बघा. उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं. त्याचा उत्तरेकडचा नागला बंदरचा तुकडा घोडबंदर रस्त्यापलीकडे खाडीला लागून आहे. काशिमीरा, चेणा ही नावं तुमच्या रोजच्या बसच्या पाटीवरची आहेत. २०१५ ला निकित सुर्वे आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजले तेव्हा ३५ बिबटे निघाले.

ते कॅमेरे लावणं हीसुद्धा शिकाऱ्याचीच विद्या बरं का. पायवाट शोधायची, ठसे, विष्ठा, मातीतले ओरखडे बघायचे आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना, माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर एकेक कॅमेरा. दोन का? बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके सारखे नसतात. एकच बाजू टिपली तर एकाच बिबट्याचे दोन होऊ शकतात.

हे वाचल्यावर मी आमच्या सोसायटीच्या मागे गेलो. कचऱ्याचा डबा कायम भरून सांडलेला. त्याभोवती सात-आठ कुत्री. पलीकडे कंबरेएवढं गवत आणि तुटकी भिंत. दिवा बंद. लपण आहे, सावज आहे, अंधार आहे. शिकाऱ्याने दहापैकी नऊ मार्क दिले असते! आणि त्याच वाटेने क्लासवरून पोरं येतात. खाली वाकलेलं किंवा बसलेलं लहान मूल त्याच्या नजरेला त्याच्या सावजाच्याच उंचीचं दिसतं. खरं सांगतो, तिथे माझ्या पोटात गोळा आला.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर पहिलं उत्तर काय? 'पिंजरा लावा, घेऊन जाऊ दे.' अरे, पण जागा तशीच राहिली तर रिकामी झालेली हद्द दुसरा बिबट्या घेतो. आणि नवखा, भेदरलेला बिबट्या जुन्यापेक्षा जास्त त्रासाचा. दुसऱ्याने लिहिलं, 'फास लावू.' रानडुकरासाठी लावलेल्या क्लच वायरच्या फासात बिबटे अडकून मेलेत, आणि अडकलेला जिवंत बिबट्या म्हणजे काय, त्याची कल्पनाही नको.

शेवटी आम्ही चौघांनी मिळून गवत कापून घेतलं आणि दिवा बदलला. कचऱ्याची गाडी रात्रीऐवजी सकाळी लवकर यावी म्हणून अजून भांडतोय. कुत्री कमी झालीत, गेली नाहीत. बिस्किटं घालणाऱ्या काकूंना कोण सांगणार? मीच गेलो. चहा मिळाला, आश्वासन नाही.

बिबट्या दिसलाच तर गर्दी करू नका, लाईव्ह करत मागे पळू नका, पाठ न फिरवता हळू मागे सरका आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. नंबर आत्ताच सेव्ह करा, मी थांबतो.

आणि मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, तुझ्या बिल्डिंगच्या मागचा एक फोटो पाठव. किती मार्क पडतात बघू.