डावा हात

पक्षाघातांतून मनुष्य वांचला म्हणजे घरच्या मंडळींस हायसें वाटतें. पुढें त्याचा दिवस कसा जाणार, हा विचार फारसा कोणी करीत नाहीं. आमच्याहि घरीं असेंच झालें. तीन वर्षांपूर्वीं आमच्या वडील बंधूंचें उजवें अंग गेलें. मेंदूचा डावा भाग उजवें अंग चालवितो आणि बहुतेकांची वाचाहि तेथेंच वसते. म्हणून हाताबरोबर शब्दहि गेले.

घरांत माणसें पुष्कळ. सून घांस भरवी, नातू बटणें लावी, वहिनी तोंड पुशीत. दादांना बोटहि हलवावें लागत नसे, याचें आम्हांस भूषण वाटे. व्यायामोपचारासाठीं येणाऱ्या बाईंनीं मात्र पहिल्याच दिवशीं विचारलें, “यांचा डावा हात धड आहे ना? मग भरवतां कशाला?” आतां डाव्या हातानें जेवणें आमच्याकडे निषिद्ध; दादा स्वतःच मान फिरवीत.

बाईंनीं एक तक्ता काढला. अमेरिकेंतील महोनी व बार्थेल यांनीं तो १९६५ सालीं प्रसिद्ध केला. जेवण, स्नान, कपडे, शौच, बिछान्यावरून खुर्चीवर बसणें, चालणें, जिना चढणें अशा दहा गोष्टींचे मिळून १०० गुण. रोगी काय करूं शकेल हें पाहावयाचें नाहीं. रोज काय करतो तें पाहावयाचें. जेवणाचे १० गुण, आणि हात कोणता ही अट नाहीं. दादांस ३५ मिळाले. जन्मभर पेपर तपासलेल्या आम्हांस उमजलें कीं, यांतले कांहीं गुण आमच्या सेवेनेंच कापले होते.

शास्त्रांत आपद्धर्म सांगितला आहे तो अशाच वेळेसाठीं. त्या रात्रीं आम्ही दादांच्या शेजारीं बसून डाव्या हातानें जेवलों. निम्मा भात मांडीवर. वहिनी म्हणाल्या, “भावजी, धोतराची काय ही दशा!” दादा वांकड्या तोंडानें हंसले, आणि त्यांनीं डाव्या हातांत चमचा घेतला.

सहा महिन्यांनीं ७० गुण झाले. जेवणास पाऊण तास लागतो, लागो.

परंतु या तक्त्यांत बोलण्यास गुण नाहीं. आणि पुरे १०० मिळाले तरी मनुष्यास एकटें राहतां येईलच असें नाहीं, हें कर्त्यांनींच बजाविलें आहे. दादांच्या तोंडून होकारास व नकारास दोहोंसहि “हो” च निघतें. त्यामुळें विहिरीजवळचा आमराईचा तुकडा विकण्याचें त्यांच्या मुलांनीं परस्पर ठरविलें. बापास आतां काय समजतें, ही समजूत. आम्हीं कागद आणवून एकेक कलम दादांपुढें सावकाश वाचलें. सहीची जागा दाखवितांच ते “हो, हो” म्हणाले, आणि डाव्या हातानें त्यांनीं तो कागद दूर सारला. तुकडा अजून आमचाच आहे.