बॅटरी गेली, यूपीएस राहिला

संगणकाखालचा यूपीएस ‘गेला’ म्हणून माळ्यावर जातो, तेव्हा बहुतेकदा गेलेली असते ती फक्त त्याची बॅटरी. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते. काही वर्षांत ती फुगते आणि डब्यात इतकी घट्ट बसते की ओढून काढताना घाम फुटतो. बाकी ट्रान्सफॉर्मर, मॉस्फेट, रिले ठणठणीत असतात. साहजिकच मनात येतं, याला मोठी बॅटरी लावली तर घरचा इन्व्हर्टर होईल.

भारनियमनाच्या काळात हा उद्योग अनेकांनी केला आणि बऱ्याच जणांचा यूपीएस जळाला. कारण बॅटरीत नव्हतं. असा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांसाठी बांधलेला असतो; तेवढ्यात फाइल सेव्ह करून संगणक बंद करायचा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंड कमी, तांबं बारीक. लहान बॅटरी आधी संपते म्हणून तो वाचतो. बॅटरी मोठी केली की हे संरक्षणच जातं आणि तासाभरात वार्निशचा वास सुटतो.

२००६ सालची एक खोली घ्या. चोकसकट ट्यूब ५० वॉट, पंखा ७५. यूपीएसमधली घट धरली तर बॅटरीवर दीडशेच्या वर भार. शिवाय यूपीएसच्या चौकोनी लहरीवर साधा पंखा गुरगुरतो, तापतो. २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि एलईडी घरोघर पोचले. आज ९ वॉटचे दोन दिवे आणि एखादा मोबाइल चार्जर, यूपीएसची स्वतःची भूक धरूनही, ४० वॉटमध्ये बसतात. ४० अँपिअर-अवरची बॅटरी निम्मीच वापरली, तरी २४० वॉट-तास, म्हणजे सहा तास. गरज होती तेव्हा हा जुगाड पेलत नव्हता. आता पेलतो, तर वीज फारशी जात नाही!

तरी चार्जिंगचं दुखणं उरतंच. यूपीएसमधला चार्जर जेमतेम एक अँपिअर देतो. सहा तासांत काढलेलं भरायला त्याला वीस तासांहून अधिक लागतात. रोज वीज जात असेल तर बॅटरी कायम अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती अकाली मरते. वेगळा चार्जर घेणं भाग आहे. संगणकातला जुना १२ व्होल्टचा पंखा हीटसिंकसमोर लावावा, बॅटरीच्या तारेत, टर्मिनलजवळच, फ्यूज घालावा. पाण्याची बॅटरी असेल तर ती हवेशीर जागीच ठेवावी, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

दोन ठिकाणी मात्र हौस आवरावी. काही यूपीएसमध्ये बॅटरीची टोकं घरच्या विजेपासून अलग नसतात. बॅटरी बाहेर काढली की तिच्या उघड्या टर्मिनलला हात लावणं म्हणजे थेट लाइनला हात लावणं. जाणकाराकडून तपासून घ्यावं, शंका असेल तर त्या यूपीएसचा नाद सोडावा. आणि त्याचं आउटपुट भिंतीतल्या सॉकेटात उलटं घालण्याचा अघोरी प्रकार कधीही करू नये. ती वीज मीटरमधून बाहेर जाते, डीपीवर उलट चढते आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतते.

फक्त राउटर चालवायचा असेल, तर एवढा खटाटोप कशाला? बरेचसे राउटर १२ व्होल्ट डीसीवरच चालतात. बॅटरीचे १२ व्होल्ट २३० करायचे आणि अडॅप्टरने पुन्हा १२ वर आणायचे, हा द्राविडी प्राणायाम आहे. बाजारात मिळणारा राउटरचा छोटा डीसी यूपीएस घ्यावा.